पाणी उजव्या हाताला : पणजीत दोघांनी चालत घालवायचा एक दिवस

गोव्यात उतरल्याबरोबर स्कूटर भाड्यानं घ्यायची, हा महाराष्ट्रातून येणाऱ्या जोडप्यांचा ठरलेला क्रम. किनाऱ्यांवर जायचं असेल तर तो योग्यही आहे. पण पणजीसाठी राखलेल्या दिवशी स्कूटर हॉटेलखालीच उभी राहू द्या. अल्तिनोची टेकडी मध्ये आणि तिच्या तीन बाजूंना पाणी, अशी या शहराची ठेवण आहे. पूर्वेला ओरेमची खाडी, उत्तरेला मांडवी आणि पश्चिमेला मिरामार, जिथं मांडवी समुद्राला मिळते. मळा या वस्तीतून निघून आधी उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे आणि संध्याकाळी दक्षिणेकडे वळलात, तर पाणी दिवसभर तुमच्या उजव्या हाताला राहतं. गल्लीबोळात शिरून दिशा हरवली तरी पाण्याकडे या, ते उजवीकडे घ्या आणि पुढं चालू लागा. नकाशा सारखा उघडावा लागत नाही, आणि दोघांपैकी एकाची मान फोनमध्ये अडकून राहत नाही.

उन्हाचं गणितही या वाटेला जुळतं. सकाळचं ऊन पूर्वेच्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर येतं आणि संध्याकाळचं पश्चिमेला नदीच्या मुखावर. मधले कडक तास छपराखाली काढायचे. एकूण चाल साताठ किलोमीटरची होते. ती बारा तासांत विभागलेली असल्यामुळं रोज न चालणाऱ्यालाही झेपते.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा हंगाम. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, फेब्रुवारीच्या आसपास कार्निव्हल. त्या दिवसांत खोल्या महागतात आणि नदीकाठी गर्दी होते. महोत्सवासाठीच येणार असाल तर वेगळी गोष्ट, एरवी त्या तारखा टाळा. वार शक्यतो मंगळवार ते शनिवार यांतला निवडा. रविवारी बाजार थंड असतो, बरीच दुकानं बंद असतात आणि सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते. सोमवारी गोव्यातल्या अनेक हिंदू घरांत मासळी शिजत नाही, त्यामुळं बाजारातली मासळीची बाजूही थोडी सुस्त वाटते.

मुक्काम फोंतेन्हास, सांतोमे किंवा १८ जून रस्त्याच्या आसपास घ्या. दुपारी खोलीवर परत येऊन पडता यायला हवं, हे कारण महत्त्वाचं. रात्रीच्या बसनं आलात तर पाटोवरच्या कदंब बसस्थानकावर पहाटे उतराल. तिथून खाडी ओलांडली की फोंतेन्हास दहा मिनिटांवर आहे. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना करमळी हे सर्वांत जवळचं स्टेशन. दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा, हॉटेलवाले दोघांचीही मागतात.

चपला रुळलेल्या, पायात बसलेल्या हव्यात. फुटपाथ कुठं रुंद, कुठं उखडलेले आणि कुठं अचानक संपणारे आहेत. पाण्याची बाटली, टोपी, खांदे झाकेल असा एक स्टोल किंवा शर्ट, एवढंच सामान पुरे. बाकीचं खोलीवर ठेवा. पाठीवर ओझं असलं की अकरा वाजताच बोलण्याचा सूर बदलतो.

सकाळी सात : मळा आणि फोंतेन्हास

सुरुवात मळ्यातून करा. वर मारुतीचं देऊळ आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी फोंते फिनिक्स हा जुना झरा. अशा झऱ्यांवरूनच या वस्तीला फोंतेन्हास म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाचा गोवेकर मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतला आणि त्यानं इथल्या माडांच्या जमिनीवर वस्ती उभी करायला घेतली. लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. जुनं गोवं रोगराईनं ओस पडत चाललं होतं, व्हाइसरॉय त्याआधीच, १७५९ मध्ये, पणजीला राहायला आला होता आणि पुढं १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सरकारी नोकर, वकील, व्यापारी इथं राहायला आले. तुम्ही ज्या गल्ल्यांतून चालणार आहात त्या या लोकांच्या.

चालताना नजर वर ठेवा. काचेआधीच्या काळातल्या काही खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत जातं. लोखंडी नक्षीचे सज्जे, मंगलोरी कौलं, कौलांच्या टोकावर मातीचा कोंबडा, दारापुढं बसायचे सोपे. भिंती पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि पावसाळ्यानंतर घराला नवा रंग द्यायचा, ही पोर्तुगीज काळातली शिस्त. त्यामुळं दिवाळीच्या सुमारास आलात तर रंग ताजे दिसतात.

सेंट सेबॅस्टियनचं छोटं कपेल सकाळी उघडं असेल तर आत जाऊन शांत बसा. इथला क्रूसावरचा ख्रिस्त नीट पाहा. नेहमी मान खाली आणि डोळे मिटलेले असतात, इथं मान ताठ आहे आणि डोळे उघडे. ही मूर्ती पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाच्या, वाड्यात होती. गोव्यात ते न्यायासन १५६० मध्ये बसलं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. ज्यांची तिथं चौकशी झाली त्यांनी हेच डोळे पाहिले असतील. या कपेलमधून पटकन बाहेर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

फोटोंबद्दल आता स्पष्ट बोलायला हवं. फोंतेन्हासमध्ये माणसं राहतात. सकाळी सात वाजता कुणी दारात दात घासत असतं, कुणाकडे आजारी माणूस झोपलेलं असतं. गेल्या काही वर्षांत इथल्या रहिवाशांना फोटोवाल्यांचा इतका त्रास झाला आहे की कित्येक दारांवर पाट्या लागल्या आहेत. गल्लीचा फोटो गल्लीतून काढा. कुणाच्या पायरीवर चढू नका, सोप्यावर बसू नका, खिडकीशी उभं राहून पोज देऊ नका. दारात कुणी असेल तर आधी विचारा आणि नंतर ‘देव बरें करूं’, म्हणजे धन्यवाद, म्हणा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. लग्नाआधीच्या शूटिंगसाठी छायाचित्रकार घेऊन येणार असाल तर परवानगीची चौकशी आधीच करा.

पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सायकलवरून फिरतो. त्याचा भोंगा ऐकू आला तर थांबवून दोन गरम पोळ्या घ्या. गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ अशी ही पोळी आपल्या घरच्या पोळीपेक्षा अगदी वेगळी असते. ३१ जानेवारी रस्त्यावर जुनी बेकरीही आहे, पण पोदेराकडून रस्त्यात घेतलेल्या पावाची चव मला अधिक आवडते.

हा रस्ता तुम्हाला सांतोमेला पोचवतो. तिथलं मुख्य टपाल कार्यालय पोर्तुगीज काळात तंबाखूच्या व्यापाराचं घर होतं. समोरच्या मोकळ्या जागेवर जरा थांबा. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट फसला आणि पकडलेल्यांपैकी काहींना इथं मृत्युदंड दिला गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तासाभरानं नदीकाठी तिचा दुसरा धागा भेटेल.

साडेआठ : भाजी-पाव

सांतोमेहून डावीकडे वळून चर्च चौकाकडे चला. पणजीचा नाश्ता म्हणजे भाजी-पाव, आणि हॉटेलच्या खोलीच्या भाड्यात फुकट मिळणारी न्याहारी यासाठी खुशाल सोडावी. चर्च चौकाजवळचं कॅफे टाटो आणि थोडं पुढं कॅफे भोसले, दोन्ही ठिकाणी गावातली माणसं रोज येतात. पातळ भाजी म्हणजे बटाट्याची किंवा वाटाण्याची रस्सा भाजी, सुकी भाजी बटाट्याची, आणि टोनाक असेल तर तो नक्की मागवा. भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यात शिजवलेली कडधान्याची ती उसळ आहे. दोघांनी दोन वेगळ्या भाज्या घ्या आणि वाट्या मध्ये ठेवा. त्यावर मिरची भजी, शेवटी बन्स आणि चहा. केळं घालून केलेले बन्स किंचित गोड असतात, भाजीबरोबरही चालतात.

टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागेल, तेव्हा संकोच करू नका. समोरचे आजोबा मराठी पेपर वाचत असतील. इथं मराठी दैनिकं आवडीनं वाचली जातात, आणि तुम्ही कुठल्या गावचे एवढ्यावरून गप्पा सुरू होतात.

चर्च, मैदान आणि नदी

इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, म्हणजे पणजीची इगर्ज. पहिलं कपेल १५४१ मधलं, आजची वास्तू सतराव्या शतकातली. लिस्बनहून आलेले खलाशी आधी इथं येऊन प्रवास पार पडल्याबद्दल प्रार्थना करत आणि मग नदीतून जुन्या गोव्याला जात. नागमोडी जिना नंतर बांधला. मधली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणली आणि १८७१ मध्ये इथं बसवली. ८ डिसेंबरला फेस्त असतं, चौकात मोठी जत्रा भरते. पायऱ्यांवर सगळेच फोटो काढतात. तुम्ही अगदी वर जाऊन खाली पाहा, रस्ते सरळ नदीकडे उतरताना दिसतात.

अल्तिनोवर चढायचं की नाही, हे पायांना विचारून ठरवा. वरचा भाग झाडीचा, शांत आणि सुंदर आहे, पण चढ खरा आहे. दोघांपैकी एकाचा गुडघा कुरकुरत असेल तर सोडून द्या. दिवसाचा वेग हळू चालणाऱ्यानं ठरवावा, हा माझा आग्रह आहे. भरभर चालणाऱ्यानं पुढं जाऊन कोपऱ्यावर ताटकळायचं, याला जोडीनं फिरणं म्हणत नाहीत.

चौकातल्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. १५३४ मध्ये गोव्यात आलेला हा वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. बागेतून उत्तरेला निघालात की काही मिनिटांत मांडवी समोर येते. इथून डावीकडे वळायचं आणि पाणी पुन्हा उजव्या हाताला घ्यायचं.

नदीकाठचं जुनं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा राजवाडा. पोर्तुगीजांनी तो १५१० मध्ये घेतला, पुढं तो व्हाइसरॉयचं निवासस्थान झाला, आणि मुक्तीनंतर पर्वरीची नवी इमारत होईपर्यंत, २००० पर्यंत, गोव्याची विधानसभा इथं भरायची. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मराठी भाषणांनी घुमलेली वास्तू म्हणून मराठी माणसानं तिच्याकडे पाहावं.

शेजारीच अॅबे फारियाचा पुतळा आहे. हात पुढं करून उभा असलेला झग्यातला पाद्री आणि त्याच्यापुढं कोसळणारी स्त्री. फारिया कांदोळीत १७५६ मध्ये जन्मला आणि पॅरिसमध्ये १८१९ मध्ये वारला. संमोहनाची झोप कुणा जादूगाराच्या हातातल्या शक्तीनं लागत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते, असं सांगणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. पिंटोंच्या कटाशी त्याच्या वडिलांचंही नाव जोडलं जातं. पुतळा १९४५ मधला, गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. दोघांपैकी एकानं मागच्या बाजूनं जाऊन स्त्रीचा चेहरा पाहावा आणि दुसऱ्यानं पुढून पाद्र्याचा, मग जागा बदलाव्यात. पुतळा दोन्हीकडून वेगळा बोलतो.

आझाद मैदानाच्या कडेला मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. प्रवेशाच्या दालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, वास्को द गामाच्या सफरीवरच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यांवर चितारले आहेत. इथं फार कमी लोक डोकावतात, याचं मला वाईट वाटतं. मैदानाच्या मधल्या खांबांच्या मंडपात पूर्वी अफोंसो द अल्बुकर्कचा पुतळा होता. आता त्याच मंडपात टी. बी. कुन्हा यांचं स्मारक आहे, गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक मानले जाणारे. एकाच मंडपानं दोन काळ पाहिले.

फेरीबोट : पाण्यावरून पणजी

नदीकाठानं पश्चिमेला आलात की बेतीच्या फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी माणसांना तिकीट नाही. काही मिनिटांत पलीकडे पोचवते, आणि पणजीचं सर्वांत चांगलं दर्शन इथूनच होतं. पांढरी इगर्ज, अल्तिनोची झाडी, उजवीकडे दूर नदीचं मुख आणि डावीकडे मांडवीवरचे पूल. सर्वांत उंच, दोऱ्यांनी तोललेला तो २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. त्याआधीचा नेहरू पूल १९७० मध्ये झाला आणि १९८६ च्या पावसात कोसळला. तेव्हा नवा पूल होईपर्यंत पणजीची सगळी भिस्त या बोटींवरच होती.

बोटीत चढताना आधी स्कूटर आणि गाड्या उतरू द्या, मग कडेनं चढा. रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो. पलीकडे उतरून चहा घ्या आणि पुढच्या बोटीनं परत या. सशुल्क क्रूझमध्ये तास घालवण्यापेक्षा ही दोन वेळची फेरी मला कितीतरी जास्त देते.

बाजार, जेवण, विश्रांती

परत आल्यावर आझाद मैदानाहून १८ जून रस्त्यानं पणजी बाजाराकडे चला. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंगाची ठिणगी टाकली, त्या दिवसाचं हे नाव. बाजारात ताळगावची वांगी, तांबडी भाजी, मोयरेची केळी, आमसुलं, हरमलची मिरची आणि उन्हाळ्यात मानकुराद आंबे. घरी न्यायची खरेदी इथं करा, पण आमसुलं, मिरची यांसारखं हलकंच घ्या.

जेवायला एकच्या आत बसा. फिश थाळीत शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेल्या माशाचा तुकडा, किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, भाजी आणि सोलकढी येते. सुरमईला इथं इस्वण म्हणतात. एकानं मासळीची आणि दुसऱ्यानं शाकाहारी थाळी घेतली तरी दोघं तृप्त होतात, कारण इथल्या खतखत्याला आणि मुगाच्या गाठीला तोड नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा समुद्राची ताजी मासळी कमी मिळते.

दुपारी एक ते साडेतीन-चार पणजीतली बरीच दुकानं मिटतात. तुम्हीही मिटा. खोलीवर जाऊन पंख्याखाली झोपा. झोप येत नसेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ मध्ये सुरू झालेलं हे सार्वजनिक ग्रंथालय केळशीच्या कृष्णदास शामाचं नाव लावतं. सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणारा हा कवी. संध्याकाळचा वेग या दोन-तीन तासांच्या विश्रांतीवर अवलंबून आहे, ती कापून आणखी एखादं ठिकाण घुसवू नका.

चार वाजता : कांपाल ते मिरामार

आता पुन्हा नदीकाठी, आणि इथली चाल दिवसातली सर्वांत सुखाची. कांपालचा रस्ता जुन्या झाडांच्या सावलीतला. डाव्या हाताला जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत लागते. १८४२ मध्ये सुरू झालेली ही वैद्यकीय शाळा. २००४ मध्ये इफ्फी गोव्यात आला तेव्हापासून हा परिसर सिनेमावाल्यांचा झाला. पुढं नदीला लागून कला अकादमी. चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली ही वास्तू भिंतींनी अडवत नाही. मोठ्या छताखालून, पायऱ्यांवरून थेट नदीपर्यंत जाता येतं. मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. बाहेरचा फलक जरूर वाचा. मराठी नाट्यस्पर्धा चालू असेल तर सूर्यास्तानंतर परत या आणि गोमंतकीय संघांचं नाटक पाहा. गोव्याच्या गावागावांतून येणारे हे हौशी कलावंत किती तयारीनं उभे राहतात, ते पाहिल्याशिवाय गोवा पुरता कळत नाही.

कांपालहून मिरामारपर्यंत सावकाश पाऊण तास धरा. पलीकडच्या काठावर रेइश मागुशचा किल्ला दिसत राहतो. नदी रुंद होत जाते आणि वाऱ्याचा वास बदलतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या थोडा आधी. त्याच्या अर्धा तास आधी वाळूवर पोचायचं. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी इथंच आहे, किनाऱ्यावर उतरण्याआधी तिथं दोन मिनिटं उभे राहा. १९७३ मध्ये गेलेल्या या पहिल्या मुख्यमंत्र्यांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या. इथल्या अनेक घरांत पहिलं अक्षर त्यामुळं आलं.

मिरामारला पाण्यात पोहायला उतरू नका. नदीचा आणि समुद्राचा प्रवाह इथं भिडतो, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला ओढ असते. पाय भिजवणं पुरे. किनाऱ्यावर दारू पिण्याला बंदी आहे, पिशवीतून बाटली आणू नका.

परतताना

सहानंतर रॉस ऑम्लेटचे गाडे लागतात. ऑम्लेटवर शागोतीचा दाट रस, वर कांदा-लिंबू, बरोबर पाव. एक प्लेट दोघांत घ्या, मग भूक पाहून दुसरी सांगा. शाकाहाऱ्यासाठी काही गाड्यांवर मशरूमची शागोती मिळते.

मिरामारहून दोनापावला-पणजी मार्गाच्या बस मिळतात, पण अंधार पडल्यावर त्या विरळ होतात, म्हणून आठच्या आत पकडा. मुंबई-पुण्यातल्या टॅक्सी ॲपच्या भरवशावर राहू नका, गोवा माइल्स फोनवर आधीच घेऊन ठेवा. पिवळी-काळी मोटारसायकल घेऊन उभा असलेला पायलट स्वस्त पडतो, पण तो मागं एकालाच बसवतो. दोघांना दोन पायलट लागतील, आणि भाडं बसण्याआधी ठरवावं लागतं.

रात्री नदीत कॅसिनोच्या बोटी झगमगतात आणि त्यांच्या धक्क्यांपाशी गाड्यांची रांग लागते. तो तुकडा टाळून मधल्या गल्लीनं खोलीकडे गेलात तर चालायला सोपं पडतं. पाय दुखत असतील तर गरम पाणी मागवून त्यात मीठ टाका.

जून ते सप्टेंबरमध्ये आलात तर क्रम थोडा बदला. फोंतेन्हास आणि चर्च सकाळीच, पण फेरीबोट पावसाची उघडीप मिळाली तरच. छत्री वाऱ्यानं उलटी होते, रेनकोट आणा. कला अकादमीच्या छताखाली संध्याकाळ काढा आणि मिरामारला जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ पाहून जा, कारण भरतीला वाळू फार थोडी उरते.